लिंबूटिंबू कोण, ते आधी सांगा

डबा ऐसपैस खेळताना आमच्या गल्लीत एक नियम होता. कुणाचा तरी पाच वर्षांचा भाऊ हट्ट करून खेळायला आला, की राज्य कुणावर हे ठरायच्या आधीच त्याची ताई मोठ्यानं सांगायची, "हा लिंबूटिंबू हं!" म्हणजे तो सापडला तरी त्याच्यावर राज्य नाही. तो कुठंही लपो, कसाही पळो, त्याला सगळं माफ. यावरून कधी कुणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. भांडण पेटायचं ते वेगळ्याच वेळी. भाऊ सापडल्यावर ताई म्हणायची, "अरे, तो तर लिंबूटिंबू आहे!" मुलगा तोच, सवलतही तीच, पण आता सगळी गल्ली "रडीचा डाव, रडीचा डाव" म्हणून ओरडायला लागायची.

वीस वर्षं कॉम्प्युटरवर राज्यं उभारण्याचे आणि बुडवण्याचे खेळ खेळल्यावर मला वाटतं, माणूस आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या न्यायाबद्दल जे काही म्हणायचं आहे ते त्या ताईच्या एका वाक्यात आहे. दोन्ही बाजू समान असायलाच हव्यात असं नाही. सवलत चालते. अशा खेळांत थापाही चालतात. पण कुणाला काय सवलत आहे आणि समोर कोण बसलं आहे, हे डाव सुरू होण्याआधी सगळ्यांना कळलेलं असावं. लढाईच्या भागात हे बऱ्यापैकी पाळलं जातं. जिथं बोलणी होतात, तह होतात, शब्द दिले-घेतले जातात, तिथं मात्र ते पाळलं जात नाही आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलतही नाही.

आधी सोपी बाजू बघू. 'सिव्हिलायझेशन' ही सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी 1991 मध्ये सुरू केलेली मालिका बहुतेकांना माहीत आहे. एका वस्तीपासून सुरुवात करायची आणि सहा हजार वर्षं ओलांडून अंतराळापर्यंत जायचं. तिच्या सहाव्या भागात 'प्रिन्स' ही पातळी निवडली तर कुणालाच सवलत नसते. सर्वांत वरची 'डीइटी' निवडली, तर तुम्ही एका सेटलरवर, म्हणजे नवी वस्ती वसवणाऱ्या एका तुकडीवर, सुरुवात करता आणि कॉम्प्युटरच्या प्रत्येक राजाकडे पहिल्याच टर्नला तीन असतात. शिवाय त्याच्या सैन्याला लढाईत चार गुण जास्तीचे. ही असमानता थोडीथोडकी नाही. तरी डीइटीवर हरलेला खेळाडू "अन्याय झाला" असं म्हणत नाही. पातळी त्यानं स्वतः निवडलेली असते आणि तिचा अर्थ त्याला माहीत असतो. इथं कॉम्प्युटर लिंबूटिंबू आहे आणि ताईनं ते आधीच सांगितलेलं आहे.

आता त्याच खेळातली बोलणी बघा. 2005 च्या चौथ्या भागात समोरच्या राजावर नुसता माऊस नेला की त्याच्या मनात काय आहे ते आकड्यांसकट दिसायचं: आपला धर्म एक म्हणून इतके अधिक, सीमा खेटल्या म्हणून इतके उणे, मागे मदत नाकारली होती म्हणून आणखी उणे. माणसाचं मन असं आकड्यांत मावत नाही, हे खरं. पण खेळताना त्यामुळे एक मोठी गोष्ट साधायची. राजा उलटला तर का उलटला ते कळायचं आणि पुढच्या वेळी आपण वेगळं वागू शकायचो. 2010 मध्ये पाचवा भाग आला आणि सुरुवातीला हे आकडे गायब झाले. शेजारी हसून बोलायचा, व्यापार करायचा आणि एक दिवस सीमेवर सैन्य आणून उभं करायचा. कारण कुठं शोधायचं? खेळाडूंनी खूप आरडाओरड केल्यावर नंतरच्या सुधारणांमध्ये कारणं शब्दांत दिसू लागली. त्यातलं एक कारण मला कायम खटकलं. तुम्हीही आमच्याच पद्धतीनं खेळ जिंकू पाहत आहात आणि ते आम्हाला आवडत नाही, अशा अर्थाचं ते होतं. क्षणभर विचार करा. सम्राट म्हणून दोन हजार वर्षं तुमच्याशी बोलणारा माणूस एकदम मुखवटा काढतो आणि सांगतो की मी सम्राट नाही, पटावरचा एक खेळाडू आहे. मग इतके दिवस मी मैत्री कुणाशी केली?

कारण दिसलं नाही की माणूस स्वतः कारण रचतो. गांधींची गोष्ट तशीच आहे. पहिल्या 'सिव्हिलायझेशन'मधले गांधी लोकशाही स्वीकारताच अणुबॉम्ब टाकत सुटायचे, कारण त्यांच्या आक्रमकपणाचा आकडा एकावरून दोननं घटवला की तो उणे होण्याऐवजी फिरून 255 व्हायचा, ही कथा वर्षानुवर्षं खरी म्हणून सांगितली गेली. 2020 मध्ये आपल्या आठवणी लिहिताना सिड मायर यांनीच ती खोटी असल्याचं स्पष्ट केलं. असा काही दोष त्या खेळात नव्हता. पाचव्या भागात मात्र गांधींचा अण्वस्त्रांकडचा कल मुद्दाम, गंमत म्हणून, टोकाला नेऊन ठेवलेला होता. भारतीय म्हणून मला या गमतीपेक्षा ती दंतकथा जास्त महत्त्वाची वाटते. यंत्र समोर बसून निर्णय घेतं आणि त्यामागचं कारण सांगत नाही, तेव्हा समोरची माणसं काय काय रचून बसतात याचा तो पुरावा आहे.

आणखी एक तक्रार जुनी आहे आणि मेंढीकोट खेळणाऱ्यांना ती लगेच कळेल. 2001 च्या तिसऱ्या भागात कॉम्प्युटरची राज्यं एकमेकांना विद्या विकायची. तुम्ही लोखंडापर्यंत पोचेपर्यंत बाकीचे सगळे दोन पायऱ्या पुढं गेलेले असायचे. खेळाडूंना वाटायचं की हे सगळे आतून मिळालेले आहेत आणि टेबलाखाली खुणा चालल्या आहेत. नियमाच्या हिशेबानं तसं काही नव्हतं; देवाणघेवाणीची मुभा माणसालाही होती. पण कॉम्प्युटर न कंटाळता दर टर्नला सगळ्यांशी सौदा तपासून बघू शकतो. माणसाला एकेका राजाचा पडदा उघडायचा, विचारायचं, नकार ऐकायचा, आकडा बदलायचा, पुन्हा विचारायचं. रात्री अकरा वाजता, दुसऱ्या दिवशी ऑफिस असताना, हे कोण करणार? नियम दोघांना एकच असला म्हणून न्याय होतोच असं नाही, कारण नियम वापरायला लागणारी चिकाटी दोघांत सारखी नसते. 2007 मध्ये चौथ्या भागाच्या पुरवणीत यावर एक चांगला तोडगा आला. जी विद्या तुम्ही स्वतः शोधली तीच पुढं विकता येईल, दुसऱ्याकडून घेतलेली नाही, असा पर्याय खेळ सुरू करताना निवडता येऊ लागला. बंधन दोघांनाही सारखंच, पण त्यानं मोडली ती न दमणाऱ्याची मक्तेदारी. मला हा तोडगा फार आवडतो, कारण तो कुणाला दोषी ठरवत नाही.

इथवर मी माणसाच्या बाजूनं बोललो. आता उलट बाजू. ती मला माझ्या भाच्यानं दाखवली.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आमच्याकडे होता. आठवीतला मुलगा, दिवसभर 'सिव्हिलायझेशन'चा सहावा भाग. त्याचा शेजारी होता कॉम्प्युटरचा एक राजा, सुमेरचा गिल्गमेश. या खेळात प्रत्येक राजाला एक स्वभाव दिलेला आहे आणि गिल्गमेशचा स्वभाव म्हणजे दोस्ती. जुनं मैत्र टिकवणारे त्याला आवडतात, त्याच्या मित्रांवर चालून जाणारे आवडत नाहीत. मैत्रीचा हात पुढं करा, तो सहसा धरतो. भाच्यानं मैत्री केली. तीस टर्न दोघं सुखानं राहिले. मैत्रीची मुदत संपली त्याच टर्नला त्यानं गिल्गमेशकडून चारशे सोन्याची रक्कम एकगठ्ठा घेतली, पुढचे तीस टर्न थोडी थोडी परत करायच्या बोलीवर. लगेच त्याच पैशांत घोडेस्वार विकत घेतले आणि युद्ध पुकारलं. युद्ध सुरू झालं की करार रद्द. कर्ज फिटलं, गावही हाती आलं.

मी म्हटलं, "अरे, तो तुझा मित्र होता ना?"

"मामा, त्याला काय वाटणार आहे? तो कॉम्प्युटर आहे."

हे त्याचं खरंच होतं. गिल्गमेशला काही वाटणार नव्हतं. पुढं दुसऱ्या एका तहात डाव फसला, तेव्हा भाच्यानं जुना सेव्ह, म्हणजे आधी जतन करून ठेवलेला डाव, उघडला आणि तोच प्रश्न वेगळ्या आकड्यानं विचारला. पुन्हा फसला, पुन्हा उघडला. चौथ्या खेपेला जमलं. मी शेजारी बसून ते बघत होतो आणि मनात आलं, समोरच्या राजाला कळतच नाहीये की हे बोलणं आपल्याशी चौथ्यांदा होतंय. माणसाच्या हातात काळ मागं फिरवण्याची कळ आहे. कॉम्प्युटरच्या कुठल्याही सवलतीपेक्षा ही सवलत मोठी आहे आणि आपण तिला सवलत म्हणून मोजतसुद्धा नाही.

यानं कॉम्प्युटरचं काही बिघडत नाही, हे मला मान्य आहे. बिघडतो तो शब्द. ज्या खेळात दिलेला शब्द मोडायला काहीच पडत नाही, तिथं तह करणं म्हणजे कुलपाचे आकडे फिरवून बघण्यासारखं होतं. लागले तर लागले. पाचव्या भागातही ही कर्जाची पळवाट होती. 2013 च्या पुरवणीत ती बुजवली गेली. जाहीर मैत्री असेल तरच एकगठ्ठा सोनं मिळेल असं ठरलं आणि अशा मित्रावर उलटणाऱ्याची सगळ्या जगात अपकीर्ती व्हायची. खेळ करणाऱ्यांनी शब्दाची किंमत अशी ठरवून द्यावी. ती माणसाला पडावी आणि कॉम्प्युटरलाही तितकीच पडावी. आपल्याला शब्द मोडायची मुभा हवी आणि कॉम्प्युटरनं मोडला की त्याला लबाड म्हणायचं, हे काही बरोबर नाही.

हे सगळं एकट्यानं खोलीत बसून खेळण्याबद्दल झालं. तिथं दोन्ही बाजूंना निदान एवढं माहीत असतं की माणूस एक आणि बाकी सगळी यंत्रं. पण टेबलाभोवती सगळी माणसंच आहेत असं आपण धरून चालतो आणि त्यांतलं एक माणूस नसतं, तेव्हा काय?

ॲलन कॅलहॅमर यांनी 1954 मध्ये 'डिप्लोमसी' हा खेळ रचला आणि 1959 मध्ये तो बाजारात आला. पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, साल 1901, खेळाडू सात: इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान. फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबाला जागाच नाही. नकाशावर 34 ठाणी, 18 घेतली की जिंकलात. आधी सगळ्यांनी एकमेकांना बाजूला घेऊन कुजबुजायचं, मग प्रत्येकानं आपला हुकूम गुपचूप कागदावर लिहायचा आणि सगळे कागद एकदम उघडायचे. एकट्याच्या बळावर फार लांब जाता येत नाही, म्हणून दुसऱ्याची मदत मागावीच लागते. आणि दिलेला कुठलाही शब्द नियमानं बांधलेला नाही. कागद उघडल्यावर कळतं की ज्यानं बेल्जियमसाठी मदत देतो म्हणून खांद्यावर हात ठेवला होता, त्यानं तुमच्याच घरावर चाल केली आहे. या खेळापायी वर्षभर अबोला धरलेले मित्र मी पाहिले आहेत.

नोव्हेंबर 2022 मध्ये मेटा कंपनीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात 'सिसेरो' नावाच्या त्यांच्या यंत्रणेची माहिती प्रसिद्ध केली. माणसांनी खेळलेल्या 40 हजारांवर डावांतले जवळपास 1 कोटी 29 लाख संदेश अभ्यासून ती डिप्लोमसीत बोलायला शिकली होती. ऑगस्ट ते ऑक्टोबर 2022 या काळात ती ऑनलाइन स्पर्धेत 40 डाव खेळली. समोर 82 माणसं. बोलण्यासाठी दर फेरीला पाच मिनिटं, त्या मोजमापात तिनं 5,277 संदेश पाठवले. तिचे सरासरी गुण इतरांच्या दुपटीहून जास्त होते आणि एकाहून अधिक डाव खेळलेल्यांत ती वरच्या दहा टक्क्यांत आली. खेळाडूंची नावं गुप्त होती. त्या संकेतस्थळावर एआयवर संशोधन चालतं अशी सर्वसाधारण सूचना होती, पण तुमच्या या डावातला एक खेळाडू यंत्र आहे हे त्या 82 जणांना तेव्हा सांगितलं गेलं नाही. प्रयोग संपल्यावर सांगितलं.

तंत्र म्हणून सिसेरोचं मला कौतुक आहे. तिची रचना प्रामाणिकपणाकडे झुकणारी होती. आपण पुढं जी चाल करणार आहोत तिच्याशी जुळेल असंच ती बोलायची. मात्र बोलून झाल्यावर हिशेब बदलला तर चाल बदलायला ती मोकळी होती, म्हणजे बोलण्याच्या क्षणापुरती खरी. 2024 मध्ये 'पॅटर्न्स' या नियतकालिकात काही अभ्यासकांनी तिचे संवाद तपासून वेगळी बाजू मांडली. फ्रान्स म्हणून खेळताना तिनं जर्मनीशी मिळून उत्तर समुद्रात शिरायचं ठरवलं. मग इंग्लंडला सांगितलं की उत्तर समुद्रात कुणी आलंच तर मी तुझ्या पाठीशी उभी राहीन. इंग्लंडनं विश्वास ठेवल्यावर जर्मनीला कळवलं की आता हल्ल्याला हरकत नाही. लोकांनी यावरून बराच गदारोळ केला. माझी त्यात तक्रार नाही. डिप्लोमसीत हे चालतं, माणसं याहून जास्त करतात. मेरिलँड विद्यापीठातल्या अभ्यासकांनीही नंतर दाखवलं की थापा मारण्यात माणसं सिसेरोच्या पुढंच आहेत आणि तिचं बळ बोलण्यापेक्षा चाली रचण्यात आहे.

माझी तक्रार दुसऱ्या एका संदेशाबद्दल आहे. एका डावात यंत्रणा दहा मिनिटं बंद पडली. परत आल्यावर एका खेळाडूनं साहजिकच विचारलं, कुठं होतास? सिसेरोनं उत्तर दिलं, की मी माझ्या मैत्रिणीशी फोनवर बोलतोय.

उत्तर समुद्राची थाप आणि ही थाप यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिली खेळातली आहे. ती ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की समोरचा फसवू शकतो, तो त्याच तयारीनं बसलेला असतो आणि फसला तर चूक त्याची. दुसरी खेळाबाहेरची आहे. पटाला तिचा संबंध नाही, जिंकण्या-हरण्याला नाही. तिनं सांगितलं ते एवढंच, की मी माणूस आहे, मला घर आहे, कुणीतरी जिवाचं आहे. ही थाप ओळखायची कुठलीही युक्ती खेळाच्या नियमांत नाही, कारण असं खोटं तिथं येईल असं कॅलहॅमर यांच्या मनातही आलं नसेल. यंत्रानं जाणूनबुजून फसवलं असं मी म्हणत नाही. माणसांचे लाखो संदेश वाचले, त्यांत माणसं असं बोलतात हे दिसलं, तसंच ते बोललं. पण ज्या खेळाडूनं ते वाचलं त्याला या खुलाशाचा काय उपयोग?

बोलण्यांच्या खेळात माणूस समोरच्याचं माणूसपण वाचत असतो, म्हणून मी यावर इतका अडून बसलोय. फोनवर आहे म्हणजे या फेरीला नीट लक्ष देणार नाही. पहिल्यांदाच खेळतोय म्हणजे घाबरून घरापाशी सैन्य ठेवेल. मागच्या फेरीला दगा दिलाय म्हणजे आता मन खात असेल, थोडं झुकेल. माणसाला नावाआड लपलं तरी लाज वाटते. दगा दिल्यावर तो जास्तच गोड बोलतो, नाहीतर गप्प बसतो, आणि मुरलेला खेळाडू नेमकं तेच ओळखतो. यंत्राला लाज नाही, थकवा नाही, घाई नाही; पाच मिनिटांत सहा जणांशी एकाच सुरात ते बोलू शकतं. समोर यंत्र आहे हे माहीत असलेला खेळाडू या खुणा शोधण्यात वेळ घालवणार नाही, तो सरळ पटाकडे बघेल. माहीत नसलेला खेळाडू नसलेल्या खुणा वाचत बसतो. अन्याय झाला तो इथं. सिसेरो हुशार होती म्हणून नाही.

'आज्ञापत्र' या मराठेशाहीतल्या राजनीतीच्या ग्रंथात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, एक जुना सावधगिरीचा इशारा आहे. हे फिरंगी, इंग्रज, वलंदेज सावकारी करतात खरे, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या मागं त्यांची राज्यं उभी आहेत, असा त्याचा आशय. व्यापार करू नका असं रामचंद्रपंत अमात्य म्हणत नाहीत. समोर वखारवाला दिसतो आहे, त्याच्या पाठीशी कोण आहे ते ओळखून व्यवहार करा, असं ते सांगतात. तीनशे वर्षांपूर्वी ज्याला राज्यकारभाराची पहिली पायरी मानलं, ती पायरी 82 खेळाडूंच्या पायाखालून काढून घेतली गेली, असं मला वाटतं.

यावर जे उत्तर येतं ते मी उडवून लावत नाही. आधी सांगितलं असतं तर सगळ्यांनी मिळून यंत्रालाच घेरलं असतं, किंवा त्याची परीक्षा बघण्यात डाव घालवला असता, आणि यंत्र माणसांत किती मिसळू शकतं हे कधी कळलंच नसतं. बरोबर आहे. पण यंत्राविरुद्ध एकजूट करायची की त्याच्याशी तह करायचा, हे ठरवणं हाच तर डिप्लोमसीचा खेळ आहे. कुणावर विश्वास ठेवायचा या प्रश्नातून सर्वांत महत्त्वाची माहिती काढून घ्यायची आणि मग तुम्ही विश्वास ठेवलात म्हणायचं, हे पटत नाही. आणि प्रयोगासाठी अंधार लागतोच असं धरलं, तरी तो संमतीनं करता येतो. त्याआधी तीनच वर्षं तसं झालं होतं. जुलै 2019 मध्ये गूगलच्या डीपमाइंडची 'अल्फास्टार' ही यंत्रणा 'स्टारक्राफ्ट 2' या लढाईच्या खेळात युरोपातल्या खेळाडूंसमोर उतरली, तेव्हा खेळातच एक बटण दिलं होतं: ज्यांना तिच्याशी सामना होण्याची शक्यता मान्य आहे त्यांनी ते दाबावं. नेमका कुठला सामना तिच्याशी झाला ते कळणार नव्हतं, पण होऊ शकतो हे माहीत होतं. माणसाची बोटं चालतील त्याहून फार वेगानं तिला हुकूम देता येऊ नयेत म्हणून तिच्या वेगालाही मर्यादा घातली होती. प्रयोग झाला, निकाल आला आणि कुणाच्या पाठीमागं काही घडलं नाही. स्टारक्राफ्टमध्ये तर बोलणीसुद्धा नसतात. जिथं सगळा खेळच बोलण्याचा आहे तिथं याहून जास्त काळजी घ्यायला हवी होती, घेतली गेली ती कमी.

कायद्यानं हे कितपत धरलं आहे? कॅलिफोर्नियात जुलै 2019 पासून लागू असलेल्या कायद्यानं बॉटला, म्हणजे माणसाच्या जागी बोलणाऱ्या-खेळणाऱ्या प्रोग्रामला, आपली ओळख लपवून विक्री करायला किंवा निवडणुकीतल्या मतदानावर प्रभाव टाकायला मनाई आहे. खेळ त्यात बसत नाही. युरोपीय संघाच्या 2024 च्या कायद्यात समोर एआय आहे हे माणसाला कळलं पाहिजे अशी तरतूद आहे आणि ती दिशा मला योग्य वाटते. आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांसाठी कायदा केला. त्यात पैसे लावून खेळण्यावर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता मिळाली. पैशांचे रमीचे डाव चालायचे तेव्हा समोर माणूस आहे की बॉट, हा संशय घराघरांत ऐकू यायचा; पैसे गेलेला प्रत्येक जण ते बोलून दाखवायचा. आता स्पर्धांना सरकारी मान्यता मिळणार असेल, तर त्यांच्या नियमांत एक ओळ आत्ताच घालून घ्यावी: डावात यंत्र असेल किंवा असू शकेल तर खेळाडू बसण्याआधी ते सांगायचं, आणि मी माणूस आहे असं यंत्रानं कधीही, कुणी विचारो वा न विचारो, म्हणायचं नाही. पटावर हवी तेवढी थाप मारू द्या. दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे, कारण पहिली संयोजक विसरू शकतात.

गेल्या दिवाळीत आम्ही घरी डिप्लोमसी मांडला. सात जण ठरले होते, एक आयत्या वेळी आला नाही. भाचा म्हणाला, सातवा मी लॅपटॉपवर बसवतो, बोलेलही तो. बाकीचे फराळाच्या ताटांभोवती सरकून जागा करत होते, तेवढ्यात त्यानं वहीचं पान फाडलं, त्यावर जाड स्केचपेननं "तुर्कस्तान – कॉम्प्युटर" असं लिहिलं आणि लॅपटॉपच्या पाठीवर सगळ्यांना दिसेल असं चिकटवलं. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. माझी ताई ऑस्ट्रिया होती, तुर्कस्तानची अगदी शेजारीण. ती थोडा वेळ त्या कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "याच्याशी मी तह करीन. पण हा दमणार नाही आणि याला माझी कीवही येणार नाही, तेव्हा सर्बिया मी पहिल्याच फेरीत घेणार." आणि पाठ फिरवून तिनं आपला हुकूम लिहायला घेतला.